ज्याला खेळू दिलं नाही

“तुम्ही माझ्या मुलाला हाकलताय, आणि वर मलाच थांबायला सांगताय,” शैलेंद्र फोनच्या स्पीकरवर वाजणाऱ्या पियानोला म्हणाला.

चाळीस मिनिटं तीच धून. सरकारी कचेरीत माणूस असेल तर तो फोनवर येत नव्हता. देवांग बॅगेसमोर उकिडवा बसला होता, बेसबॉलमधला कॅचर बसतो तसा, टाचा उचलून. बापाच्या व्हिसावर मुलाला एकवीस वर्षांपर्यंतच राहता येतं. देवांगला परवा एकवीस पूर्ण होणार होती. ग्रीनकार्डच्या रांगेत शैलेंद्र सोळा वर्षं उभा होता. रांग हलली नाही. पोरगा मात्र वाढला.

“ठेव तो फोन, बाबा. तीन तासांत फ्लाइट आहे.”

शैलेंद्रने फोन ठेवला नाही.

“बेरा,” तो एकदम म्हणाला. “दहा वर्ल्ड सिरीज. विषय संपला.”

आजवरचा सगळ्यांत मोठा कॅचर कोण, हा वाद देवांग सात वर्षांचा असल्यापासून चालू होता. पार्सिपनीच्या मैदानाकडे जाताना गाडीत रोज. शैलेंद्रने नागपुरात कॉलेजसाठी विकेटकीपिंग केलं होतं. तेवढ्यावर तो भांडायचा.

“त्याची टीम भारी होती, यार. गिब्सन.”

“मेजर लीगची एक मॅच खेळला नाही तो.”

“खेळू दिलं नाही. काळा होता म्हणून. डिफरन्स आहे.”

“आता घेतलेत ना त्याचे आकडे रेकॉर्डमध्ये?”

“हो. मेल्यावर सत्त्याहत्तर वर्षांनी.” देवांगने मास्क बॅगेतून काढून सोफ्यावर ठेवला. ग्लोव्ह हातात घेतला, पुन्हा आत कोंबला. “नागपुरात माझ्याशी कोण खेळणारे?”

पद्मिनी दह्याची वाटी घेऊन आली. प्रत्येक मॅचआधी ती त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवायची. तो चाटायचा आणि हात पँटला पुसायचा. आता त्याने हात पुढे केला नाही.

“आन्या बाहेर येत नाहीये,” तो धाकट्या बहिणीच्या बंद दाराकडे पाहत म्हणाला. “तिला गिल्टी वाटतंय. शी वॉज बॉर्न हिअर, सिटिझन आहे, म्हणून.” तो आईकडे वळला. “आई, माझ्या वेळीपण तुम्ही इथेच होता ना? एडिसनला?”

“होतो.”

“मग मी नागपुरात कसा झालो?”

“पहिलं बाळंतपण माहेरी करतात,” पद्मिनी दही ढवळत म्हणाली. “मलाच जायचं होतं.”

शैलेंद्रने मान वर केली. तिला जायचं नव्हतं. इथली डॉक्टर चांगली आहे, सातव्या महिन्यात एवढा प्रवास नको, असं ती दोन आठवडे सांगत होती. माझ्या घरचे काय म्हणतील, म्हणत त्याने ऑफिसातून तिकीट काढलं होतं. एकवीस वर्षांत तिने ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

पियानो थांबला.

“थांबल्याबद्दल आभारी आहे, सर,” एका बाईचा थकलेला आवाज. “मुलाचं प्रकरण आहे ना? त्याचा जन्म कुठे झाला?”

शैलेंद्रने फोन तोंडाजवळ नेला. पद्मिनीकडे पाहिलं.

“सर? जन्म कुठला?”

देवांग बॅगेची चेन ओढता ओढता थांबला आणि बापाकडे पाहू लागला.

“अहो, सांगा ना,” पद्मिनी वाटीतून नजर न उचलता म्हणाली. “ती विचारतेय.”