लोखंड आगीत पडत नाय

जगन आला की माझं डोकं फिरायचं. कोयत्याला धार लावायचं निमित्त, आणि मोबाईल माझ्या नाकासमोर. त्यात अमेरिकेतले ते दोन उंच टॉवर, विमानं घुसलेले, नुसता धूर, मग सगळं भुईसपाट.

"बारकूदादा, तुमी लोहार. सांगा, असल्या आगीत लोखंड वितळतं? नाय ना? मग पडलं कसं? आतून बाँब लावलेले."

"अरे शहाण्या, वितळायला कशाला लागतंय? तापून लाल झालं की मऊ पडतं. वरचं वजन पेलणार कोण, तुझा आजा?"

"आन् शेजारची तिसरी इमारत? तिला तर विमान लागलंच नव्हतं!"

"ती दिवसभर जळत होती, हे तुझाच मोबाईल बोलतो ना रे!"

पण छे! आपलंच घोडं दामटायचा. एका बाजाराच्या दिवशी काम तुंबलेलं, गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि ह्याचं तुणतुणं चालूच. शेवटी चार लोकांदेखत मी कोपरापासून हात जोडले. "बरं बाबा, तुझंच खरं. लोखंड आगीत पडत नाय. जा आता!" काय खूश झाला! लोहारानंच कबूल केलं, असं अख्ख्या शहापुरात सांगत फिरला. मला हसू यायचं.

जगन हायवेवरच्या एका गोडाऊनात वॉचमन होता. वैशाखात भर दुपारी तिथं आग लागली. दोन हमालांना त्यानं ओढून बाहेर काढलं. तिसऱ्यासाठी परत निघाला तेव्हा लोकांनी हात धरला. "पत्रे जातील, खांब लोखंडाचे हायत, ते नाय पडत," म्हणाला आणि आत शिरला. अख्खी शेड त्याच्यावर बसली. तिसरा हमाल मागच्या दारानं कधीच बाहेर पडलेला.

तेराव्यानंतर त्याची बायको ठमी दुकानात आली. गोडाऊनच्या मालकानंच विम्यासाठी स्फोट घडवला, असं गावात बोलणं होतं. "दादा, खरं सांगा. पाडली ना कोणीतरी?"

मी एक सळई भट्टीत घातली, लाल केली, ऐरणीच्या कडेवर नुसती दाबली. वाकली. वितळली नव्हती.

"त्याला लोखंड आगीत पडत नाय म्हणून मीच बोललो गो, वैतागून," मी म्हणालो. "माफी मागायची पण लाज वाटते."

ठमी सळईकडे बघत राहिली. रडली नाय. उठताना म्हणाली, "दिपाली विचारायला येईल. तिला बाँबच सांगा. बाप येडेपणात मेला असं पोरीला वाटायला नको."

दिपाली तिची मुलगी, मुरबाडला कॉलेजात शिकते. ती रविवारी आली.

"काका, बाबा बोलायचे ते खरं होतं ना?"

"हो गो. खरं होतं."

तिनं डोळे पुसले. पिशवीतून टाईप केलेला अर्ज काढला, पोलीस ठाण्याच्या नावाचा, मालकानं स्फोट करून शेड पाडली म्हणून, आणि पेन माझ्या हातात दिलं.

"मग इथं सही करा. तुमचं ऐकतील ते. बाबा तर तुमच्याशिवाय कोणाचंच ऐकत नव्हते."