कुणाच्या बापाची चाल

कचेरीत तिला सगळे हो-ताई म्हणत. पडद्यावर माणूस चालत आला, यंत्राने नाव सुचवलं, की हिचं बोट 'हो'वर पडलंच म्हणून समजा. नऊ वर्षांत 'नाही'चं बटण तिने इतकं कमी वापरलं होतं, की त्यावरची अक्षरं अजून कोरी करकरीत होती.

शहरभर खांबाखांबावर डोळे बसवलेले. ते चेहरा बघत नसत. चेहरा ही माणसाची खासगी वस्तू, असा कायदाच होता. म्हणून यंत्र चेहरे पुसून टाकी आणि उरेल ते पाठवी: राखाडी धुक्यातून तरंगत येणाऱ्या सावल्या, पाय तेवढे स्पष्ट. चाल मात्र सरकारजमा. प्रत्येकाने एकदा येऊन वीस पावलं चालून दाखवायची. न दाखवील तो गुन्हेगार. दिवसभर बघितलेल्या सावल्या रात्री हो-ताईच्या उशाशी येरझारा घालत. ती झोपेतसुद्धा 'हो, हो' म्हणते, असं तिचा नवरा सांगे.

चेहऱ्याची एवढी चाड असणारं सरकार पावलांच्या बाबतीत एवढं निलाजरं कसं, असं तिच्या धाकट्या भावाने एकदा विचारलं होतं. नोंदणीची चिठ्ठी आली तेव्हा त्याने ती फाडली आणि ओरडला, "चाल माझी आहे, कुणाच्या बापाची नाही!"

ही खो-खो हसत सुटली. "अरे, बापाचीच तर आहे!"

ते खरंच होतं. वडील टपालवाले. डाव्या खांद्यावर पिशवी, म्हणून अंग उजवीकडे झुकलेलं, आणि दर चौथ्या पावलाला दारावरचा नंबर बघायला किंचित थबकायचे. लहानपणी ही दोघं त्यांच्या मागून नक्कल करत चालायची. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला; चेष्टा करता करता ती चाल पोरांच्या पायांत मुरली. नोकरी लागायच्या आधी ताईने महिनाभर आरशासमोर चालून आपली मोडली. भावाने नाही मोडली.

हसून झाल्यावर ती म्हणाली होती, "मुकाट्याने नोंद कर, नाहीतर मलाच कळवावं लागेल." गमतीत म्हणाली, निदान तेव्हा तिला तसं वाटलं. तो संध्याकाळी घरातून गेला, त्याला आठ वर्षं झाली.

पुढच्याच वर्षी वडील वारले. त्यांची वीस पावलं यंत्रात राहिली. जेवणाच्या सुट्टीत ती चोरून बघे. घरी फोटो होते, पण फोटोतले वडील चालत नव्हते.

आज दुपारी, सगळी कचेरी पेंगत असताना, पडद्यावरचं धुकं हललं. यंत्राने लाल अक्षरांत लिहिलं: टपालवाला, मयत. जुळणी शंभरात सत्त्याण्णव.

एक सावली उजवीकडे झुकत आली. एक, दोन, तीन, आणि थबकली.

वडीलच! कुणाचं तरी पत्र पोचवायचं राहिलंय, म्हणून निघालेत. ती खुर्चीतून अर्धी उठली. मग त्या सावलीने उलट्या हाताने मान खाजवली, लहानपणापासून धाकटा खाजवी तशी, आणि ती परत खुर्चीत बसली. भाऊ होता तो. जिवंत होता, आणि इथेच, बाजारामागच्या गल्लीत.

'हो' दाबलं की पाच मिनिटांत गाडी गल्लीत. बिननोंदीचा, त्यात मेलेल्याची चाल घेऊन फिरणारा. सात वर्षं तरी तुरुंग. 'नाही' दाबलं तर यंत्र आपली चूक मानी आणि जिच्यामुळे चुकलं ती नोंद कायमची पुसून टाकी. म्हणजे वडिलांची वीस पावलं. नात्यातलं प्रकरण शेजारच्या टेबलाला द्यावं असा नियम होता. शेजारचा चष्मेवाला तिच्याहून भरभर 'हो' म्हणे. त्याला तिनेच तयार केलं होतं.

"हो-ताई, अडलं का काही?" त्याने विचारलं.

"डोळ्यात काहीतरी गेलंय रे."

नऊ वर्षांतल्या सगळ्या सावल्या तिला आठवू लागल्या. त्यांतली प्रत्येक चाल कुणी ना कुणी कुणाच्या तरी मागे चालून उचलली असणार. तिला स्वतःची लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात भावाच्या मागून एक इवलीशी सावली आली, त्याच्या गुडघ्याएवढी. पिशवी नाही, ओझं नाही, तरी उजवीकडे झुकलेली. चौथ्या पावलाला तीही थबकली, आणि खांदे उडवत हसली.

ताईने 'नाही' दाबलं. बटण न वापरून घट्ट झालं होतं, दोनदा दाबावं लागलं. पुसण्याआधी यंत्राने नोंद एकदा दाखवली. वडील धुक्यातून चालत आले, विसाव्या पावलाला थबकले, नि विरून गेले. "बाबा," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी ती आपल्याच तंद्रीत फाटकाशी आली, तर फाटक कोकलायला लागलं.

"अहो हो-ताई!" पहारेकरी हसला. "यंत्र म्हणतंय, ओळख पटत नाही. आज चाल बिघडली की काय?"

तिने खाली बघितलं. पर्स डाव्या खांद्यावर होती, अंग उजवीकडे कललं होतं.

"बिघडली नाही," ती म्हणाली.

"मग उद्या वीस पावलं चालून द्या, नवी नोंद करून टाकू."

"नाही," ती म्हणाली, या खेपेला पहिल्याच दमात. "ही माझ्या बापाची आहे."