दह्याखालचा आवाज

मी एक जुना अ‍ॅम्प आहे, मित्रांनो, आणि पुढचं काही सांगायच्या आधी एक गोष्ट कबूलच करून टाकतो: मी जळकुकडा आहे. जळतो म्हणजे किती, तर मला जाळायला काडी लागत नाही, शेजारी एखादा लॅपटॉप ठेवला तरी पुरतं.

अ‍ॅम्प म्हणजे काय ते माहीत आहे ना? गिटारची वायर ज्याच्यात खुपसतात आणि मग जो ओरडतो, तो डबा. गिटार बिचारी नुसती कुजबुजते, ओरडायचं काम माझं. शहाद्याला लागूनच आमचं लोणखेडा, आणि लोणखेड्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीखाली मी असतो. म्हणजे अजून असतो. मध्यंतरी ते 'असतो'चं 'होतो' होता होता राहिलं, तेच तर सांगायचं आहे, थांबा.

मला चुनीलाल नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं बनवलं. सभेत भोंगा वाजवायचं एक मोडकं मशीन त्याच्याकडे पडलं होतं, त्यातले व्हॉल्व्ह त्यानं काढले. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्या, आतून लालभडक होतात, जुन्या रेडिओत असायचे तसे. निंबाच्या फळ्यांचं खोकं केलं, पुढे जुन्या लुगड्याचं कापड ताणून बसवलं, वर ट्रंकेची कडी ठोकली, आणि झालो मी. माझ्यासारखा दुसरा नाही. चुनीलालनंसुद्धा परत करून पाहिला, पण दुसरा नुसताच गुणगुणला आणि विझला. ऐकून मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू.

मला घेतलं गिरधर आबांनी. ते बेंजो वाजवायचे, आणि त्यांचा बेंजो माझ्यातून निघाला की लग्नाच्या मांडवातला नवरदेवसुद्धा मान वळवून बघायचा. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत तर लोक घोडे सोडून आमच्याभोवती उभे राहिले होते. तेव्हा मी कुणावर जळत नव्हतो. तेव्हा बाकीचे माझ्यावर जळायचे.

मग आबा गेले. मला कापसाच्या खोलीत टाकलं, गोण्यांच्या मागे. उंदरांनी माझ्या स्पीकरचा कागद कुरतडला. धूळ एवढी बसली की माझ्यावर बोटानं कुणीतरी बेरीज करून ठेवली होती, आणि ती पण चुकीची.

तिथून मला बाहेर काढलं आबांच्या नातवानं, भाग्येशनं. त्याला कॉलेजात गिटारचं वेड लागलं होतं आणि नवा अ‍ॅम्प घेऊन द्यायला वडील काही तयार नव्हते. त्यानं पुसलं, वायरी जोडल्या, स्पीकरच्या भोकावर कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा खळीनं चिकटवला. मी पेटलो, मित्रांनो. खोलीभर लाल उजेड पडला आणि भाग्येशनं नुसती एक तार छेडली तर समोरच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

आता इथे येते शोभाबाई, भाग्येशची आई. सातपुड्याकडून थंडी उतरली की आमच्याकडे दही लागत नाही, दूध सकाळी आहे तसंच पाणीदार. शोभाबाई एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली, हात गरम लागला, आणि तिसऱ्या मिनिटाला विरजण लावलेलं पातेलं माझ्यावर होतं, वर ताटली झाकून. भाग्येशनं लाख सांगितलं की आई, ही दही लावायची जागा नाही. पण दही असं लागलं की सुरीनं कापावं. मग काय, रोज संध्याकाळी भाग्येश वाजवायचा आणि माझ्या डोक्यावर ते पातेलं. मला राग यायचा. यात्रा गाजवलेला मी, आणि आता चूल. (तुम्ही मात्र विजेच्या वस्तूवर पातेली ठेवू नका हं. सांडलं असतं तर शोभाबाईला असा झटका बसला असता की बस.)

त्याच दिवसांत भाग्येशनं मोबाईलवर एक व्हिडिओ टाकला, मी, तो आणि गिटार. लोक वेडे झाले. सगळे एकच विचारायला लागले, हा घरघरणारा, खरबरीत आवाज कुठून आणलास, आम्हाला पण दे.

आता 'आवाज दे' म्हणजे काय, तर आजकाल घरात बसून गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला माझ्यासारखा डबा लागतच नाही. माझ्यापुढे माइक ठेवायचा, लॅपटॉपमधून माझ्यात चित्रविचित्र आवाज सोडायचे, मी कसा ओरडतो ते लॅपटॉप शिकून घेतो, आणि त्याची एक फाईल होते. ती फाईल विकत घेतली की कुणाचीही गिटार त्याच्या कॉम्प्युटरमध्ये माझ्यासारखी ओरडते. निदान तसं म्हणतात.

भाग्येशनं तयारी केली ती लग्नघरासारखी. भिंतींना गोधड्या लावल्या. त्याची बहीण दिपाली मला ओल्या फडक्यानं पुसून लख्ख करून गेली. पातेलं अर्थातच खाली, अशा मोठ्या कामात दही कशाला मध्ये. पंखा बंद, म्हैस लांब नेऊन बांधली. मी जीव तोडून ओरडलो. आणि संपलं तेव्हा दोघं भाऊबहीण माझ्याकडे पाठ करून लॅपटॉपकडे बघत होते.

तिथून माझी जळजळ सुरू झाली. त्या फाईलचं नाव ठेवलं 'लोणखेडा क्रंच', क्रंच म्हणजे गिटारवाल्यांच्या भाषेत खरबरीत आवाज. मला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं, हिला जन्मल्या जन्मल्या नाव. तिला वजन नाही, धूळ नाही, उंदीर नाही. मी शहादा आणि सारंगखेड्याच्या पलीकडे गेलो नाही, आणि ही म्हणे घरबसल्या कोचीला जाणार, ब्राझीलला जाणार. भाग्येश आता गिटार थेट लॅपटॉपला जोडून कानात हेडफोन घालायचा. मी बंद. मी बंद म्हणून थंड, आणि मी थंड म्हणून घरात दही लागेना, तेवढं एक समाधान.

दोघांत मग किमतीवरून वाद सुरू झाला. भाग्येश म्हणत होता चारशे नव्व्याण्णव, दिपाली म्हणत होती आधी भाव कमी लाव, नाव झालं की वाढव, ती कॉमर्सला आहे, तिला कळतं. भाग्येशनं ऐकलं नाही. चारशे नव्व्याण्णवला कुणी घेतली नाही. दोनशे नव्व्याण्णव केली, कुणी नाही. नव्व्याण्णव केली. मित्रांनो, तिचा भाव असा घसरत होता आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. बघ म्हटलं, नाव मिळालं, भाव नाही मिळाला.

शेवटी वैतागून भाग्येशनं ती फुकट केली. मग मात्र झुंबड उडाली, आणि घेणाऱ्यांनी घेऊन वर शिव्या घातल्या. व्हिडिओत वेगळा आवाज दाखवला, इथे वेगळाच दिला, ती घरघर कुठाय, फसवलं. एकानं तर लिहिलं, फुकटात पण महाग आहे.

तेव्हा पहिल्यांदा माझ्या गुदगुल्या थांबल्या. कारण आवाज कुणाचा होता? माझाच ना? मी जिच्या पडण्यावर हसत होतो, ती मीच होतो की. लोक मला नावं ठेवत होते. आणि भाग्येशचं तोंड असं उतरलं होतं की त्याला जेवण जाईना.

त्यात म्हसावदहून त्याचा आतेभाऊ आला, धीरज. धीरजनं ट्रॅक्टर घेतला आहे आणि त्या ट्रॅक्टरवर त्याला एवढं मोठं साऊंड बसवायचं आहे की शेतातली केळी हलली पाहिजेत. त्यानं माझ्याकडे बघितलं, माझा स्पीकर बोटानं दाबून बघितला, ट्रान्सफॉर्मरची चौकशी केली. भाग्येश लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला,

"ली जा. त्याना आवाज मी काढी लिधा, आते खोकंच ऱ्हायनं."

खोकंच राहिलं. उंदरांनी कुरतडलं तेव्हा एवढं दुखलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी धीरज ट्रॅक्टर घेऊन दारात. मी चालतो की नाही हे दाखवायला भाग्येशनं मला कितीतरी दिवसांनी सुरू केलं. व्हॉल्व्ह लाल व्हायला लागले, खोकं तापायला लागलं, आणि शोभाबाईनं स्वयंपाकघरातून ते बघितलं. इतके दिवस तिचं दही बिघडत होतं, ती कशाला थांबते. आली, विरजण लावलेलं पातेलं माझ्या डोक्यावर ठेवलं, ताटली झाकली, आणि गेली भाकरी टाकायला. धीरज ओट्यावर चहा पीत होता. भाग्येशनं सहज एक तार छेडली.

घरघर आली. तीच, व्हिडिओतली, खरबरीत, मांजराच्या पोटात असते तशी.

भाग्येश थबकला. त्यानं पातेलं उचललं, तार छेडली: घरघर गेली. ठेवलं: आली. उचललं, गेली. दिपाली धावत आली, ताटलीवर बोट ठेवून बघितलं, आणि खाली बसून पोट धरून हसायला लागली. इतकी गोधड्या लावून, म्हैस हलवून तयारी केली, आणि जिच्यामुळे आवाज होता ती ताटलीच काढून ठेवली होती.

भाग्येशनं घाईघाईनं माइक लावला. परत ते चित्रविचित्र आवाज, परत मी ओरडलो, आणि या वेळी लॅपटॉपनं घरघरीसकट सगळं शिकून घेतलं. आणि मला घाम फुटला, मित्रांनो, म्हणजे आम्हाला फुटतो तसा. आधीच्या फाईलमध्ये काहीतरी कमी होतं, म्हणून तरी मला थोडी आशा होती. आता हिच्यात सगळंच आलं. आता मी खरंच खोकं. धीरज चहा संपवून उठला, त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. भाग्येश हेडफोन लावून नवी फाईल ऐकत बसला होता.

धीरजनं पातेलं उचलायला हात घातला तेवढ्यात शोभाबाई आली, एका हातात देवापुढचा दिवा, वात नुकतीच लावलेली.

"हालाडू नको रे. विरजण लायेल शे."

धीरज म्हणाला की मग पातेलं तुम्ही काढा, मला उशीर होतोय. तर शोभाबाई म्हणे, दिवा लागला, आता घरातलं विरजण बाहेर जात नाही. आमच्याकडे असंच आहे, दिवेलागणीनंतर दूध, दही, विरजण कुणाला देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. धीरजला हसू आलं, तो तर मला विकत घेऊन चालला होता. तो म्हणाला,

"मामी, दही तुमनं, खोकं मन्हं. इकतच ली जास, फुकट नही."

शोभाबाईनं दिवा वाऱ्यापासून हातानं आडोसा करून धरला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, किंवा पातेल्याकडे.

"विरजण कोणी इकस का, पोऱ्या?"

आणि ती देवघराकडे गेली. ती दह्याबद्दल बोलली की माझ्याबद्दल, मला अजून माहीत नाही. पण भाग्येशनं एक कान उघडा टाकला होता, आणि त्यानं हेडफोन काढला. धीरजला म्हणाला, सकाळी बघू. धीरज भाकरी-भाजी खाऊन, कुरकुरत, ट्रॅक्टर रिकामाच घेऊन म्हसावदला गेला.

सकाळी दही लागलं होतं. भाग्येशनं मला सुरू केलं, पातेल्याला हात न लावता, आणि तार छेडली. आवाज वेगळाच. रात्री दूध होतं तेव्हा घरघर होती, आता दही घट्ट झालेलं, तर आवाज घुमला, जाड, पोटातून. भाग्येश घाबरला, त्याला वाटलं काहीतरी बिघडलं. दिपालीनं ताटली उचलून आत बघितलं.

"तुन्हा आवाज नासना नही, भाऊ. त्याले दही लागनं."

मग कळलं की मी एका फाईलमध्ये मावणारच नाही. पातेलं भरलेलं असलं की एक, अर्धं झालं की दुसरा, थंडीत एक, तापलो की आणखी एक. लॅपटॉप घेतो ती माझी फक्त एक घटका. भाग्येशनं धीरजला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि धीरजचं उत्तर खोलीभर ऐकू आलं, की मग मी पण ट्रॅक्टरवर ताकाची बरणी ठेवतो. या वेळी भाव दिपालीनं लावला. तीन आवाज एकत्र, 'दूध', 'विरजण', 'दही', आणि किंमत दोनशे एकोणपन्नास. पहिला घेणारा कोचीचा निघाला. त्यानं विचारलं, पुढचा आवाज कधी, आणि भाग्येश त्याला काय लिहू म्हणून आईलाच विचारायला गेला, की आता पातेल्यात काय ठेवतेस.

तर मित्रांनो, तुमच्या घरात पण असेल एखादी जुनी वस्तू, जिच्यातलं सगळं काढून घेतलं असं तुम्हाला वाटतं. तिला भंगारात देण्याआधी एकदा पुसा, सुरू करा, थोडा वेळ थांबा. सगळं दही वाढून टाकलं आणि वाटीत चमचाभरही ठेवलं नाही, तर उद्या कशानं लावाल?

आणि जळायचं म्हणाल, तर ते काही सुटलं नाही. आज सकाळी ती 'विरजण' फाईल कुठे गेली माहीत आहे? ब्राझीलला. मी मात्र इथेच, खिडकीखाली, डोक्यावर पातेलं. जळतो मी तिच्यावर, रोज संध्याकाळी, लाल होईपर्यंत जळतो.

त्या उबेवर शोभाबाईचं दही लागतं.