कवच चढते तिथला काप

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. बाईंनी मला शेवटचे भिंगाखाली ठेवले तो दिवस अगदी साधा होता. खिडकीत कपडे वाळत होते, टेबलावर चहा निवत होता.

बाई पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांना शिकवत. मला त्यांनीच घडवले. कोंबडीच्या अंडवाहिनीत जिथे अंड्याला कवच चढते, तिथला इवलासा तुकडा त्यांनी मेणात बसवला. त्याचा केसाहून पातळ काप काढून कोमट पाण्यावर तरंगवला, माझ्यावर अलगद झेलला आणि गुलाबी-जांभळा रंगवला. भिंगातून माझ्यात पानांसारख्या घड्याच घड्या दिसत. मुलांच्या कितीतरी तुकड्या मला पाहून गेल्या. निवृत्त होताना बाईंनी एक जुना सूक्ष्मदर्शक आणि मला घरी आणले. माझ्या बहिणी, बाकीच्या काचपट्ट्या, कॉलेजातच धूळ खात राहिल्या.

बाईंच्या लेकीने मात्र मला कधी पाहिले नव्हते. त्या दुपारी ती चपला घालून दारात उभी होती. बाईंनी स्क्रू फिरवून मला नीट नजरेत आणले आणि तिला हाक मारली.

"ये गं, एकदा बघून जा."

"नंतर, आई. उशीर होतोय."

"कोंबडीसुद्धा एका अंड्याला अख्खा दिवस देते. तुला दोन मिनिटं जड होतात होय?"

दोघीही हसल्या. लेक बाहेर पडली. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकापुढच्या खुर्चीतच बाई वारल्या.

घरातली वर्दळ ओसरल्यावर लेक माझ्यापाशी बसली. चष्मा काढून तिने भिंगाला डोळा लावला. तिला नुसते गुलाबी धुके दिसले. बाईंची नजर वेगळी, तिची वेगळी. स्क्रू जरासा फिरवला असता तर मी लख्ख दिसले असते. तिचा हात तिथवर गेला आणि थांबला. तो स्क्रू बाईंच्या डोळ्याला जुळवलेला होता. एकदा हलला की पुन्हा तिथे कुणालाच आणता आला नसता.

तेव्हापासून ती रोज येते, दिवा लावते, ते धुके पाहते आणि मला तशीच ठेवून जाते. मित्रांनो, आम्हांला अंधाऱ्या पेटीत ठेवायचे असते. उजेडात आमचा रंग विटतो. माझा गुलाबी जवळजवळ गेलाच आहे. कुणी प्रेमाने काही दाखवत असेल तर तेव्हाच बघा, आणि मग आम्हांला मिटून ठेवा. तिला हे सांगायला मला तोंड नाही.

आजही तिने दिवा लावला. बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसली. मग मान न उचलता हळूच म्हणाली,

"आई, दाखव ना. काय आहे ते?"