पपईला न जुमानणारा डोळा

एहसानच्या डाव्या डोळ्याची समोरची काच, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखी पुढे येत चालली होती. चाकणच्या कंपनीत तो नव्या गाड्यांवरचे ओरखडे शोधायचा. हल्ली त्याला प्रत्येक ओरखडा जोडीनं दिसायचा आणि साहेबांना वाटायचं, पोरगा दुप्पट मेहनत करतोय.

डॉक्टर म्हणाले, "व्हिटॅमिनचे थेंब घालून अतिनील लाइट मारू. कॉर्नियातले धागे एकमेकांत घट्ट गुंततील, फुगणं थांबेल. नाहीतर पुढे कॉर्नियाच बदलावा लागेल."

तारीख उद्याची होती आणि एहसान अडून बसला होता. "मी वेल्डिंगकडे बघत नाही, हे डोळ्यातच लाइट मारणार?"

त्याची बहीण सादिका निगडीच्या एका प्रयोगशाळेत शिकत होती. तिनं युनूसमामूंच्या मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे दोन डोळे आणले, त्यांचे कॉर्निया कापून काढले, प्रयोगशाळेत एकाला तसेच थेंब आणि लाइट दिला, दुसरा तसाच ठेवला. मग दोन वाट्यांत कच्च्या पपईचा गर घालून एकेक बुडवला.

"पपई भल्याभल्या मटणाला विरघळवते, भाई. लाइटवाला टिकला तर उद्या येशील?"

"टिकला तर नाचत येईन."

लेबलं तिनं वाट्यांच्या बुडाला लावली, कारण दिसेल ते अम्मी घासून काढायची, आणि वाट्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

संध्याकाळी मामू जेवायला येणार होते. फरीदाअम्मीला फ्रिजमध्ये पपई तयार सापडली. पोरीला अक्कल आली, असं म्हणत तिनं एक वाटी कबाबच्या खिम्यात कालवली.

"फरीदा, लोणी आहे लोणी!" मामू म्हणाले. मग थांबले. चावू लागले. चावतच राहिले. "हे काय आहे बाई? चाळीस वर्षं हाडं फोडणारे दात माझे!"

"मामू, गिळू नका!"

सादिका फ्रिजकडे धावली. उरलेली वाटी उलटली: 'साधा'. गर चहाच्या गाळणीतून गाळला. काहीच नाही, सगळा विरघळलेला! मग मामूंनी ताटात टाकलेली कॉर्नियाची चकती तिनं धुऊन ट्यूबलाइटखाली धरली. पांढरी पडलेली, पण अख्खी. वर दातांचे दोन ठसे.

"टिकला! अम्मी, टिकला!"

"पण होतं काय ते?" मामू विचारत होते.

त्या चकतीपुढे पपई, तवा आणि मामू, तिघांनी हात टेकले होते. एहसान खरंच नाचला.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "भीती वाटते?"

"अजिबात नाही. फक्त बकऱ्याला मारला तेवढाच वेळ लाइट मारा."

डॉक्टरांनी सादिकाकडे पाहिलं. सादिकानं छताकडे.