हातचं पाणी

“मावशी, नीट आठवून सांगा. तुम्ही ‘मी’ म्हणालात का ‘आमी’?”

लोणी गावातल्या घरासमोर स्कूटी लावून, पाणीसुद्धा न घेता, शीलाताईंनी हे विचारलं तेव्हा द्रौपदाबाई पडवीत लसूण सोलत होत्या. गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. पण ताई कशाबद्दल विचारताहेत, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि हात पदराला पुसले.

दोघींची नोकरी एकाच प्रसूतिगृहात झाली. शीलाताई नर्स, कॅथलिक, माहेर श्रीरामपूरकडचं. द्रौपदाबाई आया, म्हणजे अख्ख्या दवाखान्याच्या मावशी. शीलाताईंना सातव्या महिन्यात ड्युटीवरच रक्तस्राव सुरू झाला. टेबलावर नेताना त्यांनी एवढंच सांगितलं, की बाळ राहील असं वाटलं नाही तर फादरांची वाट बघू नका, बाप्तिस्म्याचं पाणी घाला. मग भूल चढली. डॉक्टर आईला वाचवण्यात गुंतले. तळहातावर मावेल एवढी मुलगी द्रौपदाबाईंच्या हाती आली आणि पाऊण तासात गेली. शुद्धीवर आल्यावर शीलाताईंनी नुसतं नजरेनं विचारलं. “घातलं,” द्रौपदाबाई म्हणाल्या. त्यानंतर दोघींनाही तो विषय काढवला नाही.

हे पाणी घालायला त्यांना शिकवलं होतं मिशनच्या दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या ननबाईंनी. द्रौपदाबाई तरुणपणी तिथं झाडलोट करायच्या. ननबाई म्हणाल्या, मरायला टेकलेल्या लेकराला बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. मनात हेतू खरा हवा. डोक्यावर तीनदा पाणी घालायचं आणि म्हणायचं, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.’ द्रौपदाबाईंना हसू आलं होतं. आपण बौद्ध, आपलं पाणी कसं चालायचं? “कुणाच्याही हातचं चालतं,” ननबाईंनी सांगितलं.

हे वाक्य द्रौपदाबाई जन्मात विसरल्या नाहीत. त्यांच्या आईला विहिरीला हात लावू देत नसत. वरून कुणाला दया येऊन ओतेल तेव्हा घागर भरायची, मग अंगात ताप असला तरी तिथंच उभं राहायचं. त्या आईच्या लेकीच्या हातचं पाणी एका देवाला चालत होतं म्हणे. त्या देवाशी द्रौपदाबाईंना काही देणंघेणं नव्हतं. पण त्या पाण्याचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता.

आता शीलाताई सांगत होत्या, की नव्या फादरांनी रविवारी समजावलं, बाप्तिस्मा देताना ‘मी’च म्हणावं लागतं. कारण खरा बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच, तोच माणसाच्या तोंडून ‘मी’ म्हणतो. ‘आम्ही’ म्हटलं तर बाप्तिस्मा झालाच नाही, पुन्हा द्यावा लागतो. पुन्हा कुणाला द्यायचा? तेव्हापासून शीलाताईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. देव दयाळू आहे, लेकराला टाकणार नाही, असंही फादर म्हणाले होते. पण त्यांना दया नको होती, खात्री हवी होती. एक दिवस आपण देवाघरी जाऊ तेव्हा पोरगी तिथं असावी, तिनं आपल्याला आई म्हणून ओळखावं, एवढ्या एका आशेवर त्यांनी अकरा वर्षं काढली होती.

आणि द्रौपदाबाई तर जन्मभर स्वतःला ‘आमी’ म्हणत आलेल्या. आमी जेवलो, आमी निघालो. दवाखान्यातल्या पोरी त्यांची नक्कल करायच्या.

खोटं बोलणं सोपं होतं. समोरची बाई एका अक्षरासाठी तीस किलोमीटर आली होती, ते तिच्या पदरात टाकलं की झालं. पण आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी जपून ठेवली होती, तिला खोट्याचा डाग लागू द्यायला त्यांचं मन धजेना.

“आमीच म्हणलो आसल, ताई. दुसरं आमाला येतंय कुटं?”

 पायरीवरची चावी उचलून शीलाताई स्कूटीकडे निघाल्या. द्रौपदाबाई लगबगीनं उठल्या. हे पाणी आता दोघींचंही वाया जाणार होतं.

“थांबा जरा. आमी म्हंजे कोन? डॉक्टर तुमच्यापाशी व्हते. तितं दुसरं कोन व्हतं? चला, आमी सांगतो तुमच्या फादरला.”

तशाच घरच्या लुगड्यावर त्या मागं बसल्या. जुन्नरच्या रस्त्यावरचं ते चर्च म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि वर क्रूस. फादर तरुण होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग भलतंच काही विचारलं.

“मावशी, आज सकाळी चहा कुणी घेतला?”

“आमी.”

“किती जणांनी?”

एवढा शिकलेला माणूस, पण यालाही सगळं फोड करून सांगावं लागतं, असं द्रौपदाबाईंच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. “किती म्हंजे? एकलीनंच. सून दळान आनाया गेल्ती.”

फादर हसले. मग गंभीर होऊन शीलाताईंना म्हणाले, की मावशींचं ‘आमी’ म्हणजे ‘मी’च आहे, आपल्याला हवं तेच त्या म्हणाल्या आहेत. त्यांनी कपाटातून बाप्तिस्म्याची नोंदवही काढली. बाळाचं नाव शीलाताईंनी समृद्धी सांगितलं. देणाऱ्याच्या रकान्यात फादरांनी द्रौपदाबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. पेन चालत होतं तोवर द्रौपदाबाईंनी पापणी हलवली नाही.

“आणखी एकच,” फादर म्हणाले. “बाप्तिस्मा जिवंत माणसाचाच होतो. पाणी घातलं तेव्हा बाळ जिवंत होतं?”

“व्हतं की. लई थंड नको म्हनून पानी आदी हातात धरलं व्हतं. डोक्याव पडलं तसं तिनं डोळं उगाडलं. मंग आमचं बोट धरलं, ते शेवटपत्तुर सोडलं न्हाई.”

शीलाताईंनी मान वर केली. त्यांनी मुलगी पाहिली होती ती दुपट्यात गुंडाळलेली, डोळे मिटलेली. तिनं डोळे उघडले होते, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“कुठलं बोट, मावशी?”

द्रौपदाबाईंनी उजव्या हाताची करंगळी पुढं केली. लसणाच्या वासाची ती करंगळी शीलाताईंनी मुठीत धरली. फादरांनी वही उघडीच ठेवली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.