दांडीवरचं नाणं

मी एक जुना रेकॉर्ड प्लेयर आहे. मित्रांनो, जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

मला घरी आणलं ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका माणसाने. त्यांना घरात बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्यांचा हात कामाचा, त्यामुळे जड. माझी देखभाल मात्र आई करायची. रेकॉर्ड ती कडेने धरायची, मऊ फडक्याने पुसायची आणि पुस्तकांसारखी उभी ठेवायची. शेजारपाजारचे माझ्यावरची गाणी ऐकायला यायचे, आणि खोटं कशाला सांगू, मी चांगलाच फुगायचो.

लेक तान्ही असताना आईने स्वतः रचलेलं एक अंगाईगीत एका दुकानात जाऊन रेकॉर्ड करून घेतलं. त्याची एकच प्रत निघाली. माझ्याजवळ शेकडो गाणी आली-गेली, पण घरच्या माणसाचा आवाज तेवढाच.

मग नवी यंत्रं आली. माझ्यावर कापड पडलं, कापडावर फुलदाणी आली. मी रुसून बसलो होतो, पण विचारतो कोण?

आई गेली तेव्हा बाबांनी ती फुलदाणी उचलली. रोज संध्याकाळी ते अंगाई लावू लागले. धूळ पुसायची असते, सुई बदलायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी माझी सुई तिसऱ्या ओळीवर उडू लागली. कुणीतरी सुचवलं, सुई धरणाऱ्या दांडीच्या टोकावर एक नाणं ठेवा. त्यांनी ठेवलं आणि सुई उडायची थांबली. बाबा खूश झाले. पण रोगापेक्षा औषध जालीम होतं. त्या वजनाने माझी बोथट सुई आईचा आवाज रोज थोडा थोडा खरवडत होती. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं? मला स्वतःचा आवाज कुठे आहे?

दोन वर्षांनी लेक सुट्टीला आली. तिने अंगाई ऐकली आणि म्हणाली, आईचा आवाज असा घोगरा नव्हता. दुसऱ्याच दिवशी तिने मला, रेकॉर्डला आणि बाबांना दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

त्याने नाणं उचलून बाजूला ठेवलं आणि त्या वजनामुळे काय होतं ते समजावून सांगितलं. बाबा स्टुलावर बसले.

"म्हणजे मीच पुसला तिचा आवाज?"

"झिजलं ते परत येणार नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "उरलंय ते सांभाळू या."

त्याने नवी सुई बसवली, दांडीचं वजन नीट जुळवलं, सैल झालेला पट्टा बदलला. रेकॉर्ड स्वच्छ पाण्याने, मऊ ब्रशने, खाचांच्या दिशेने गोल गोल धुतली. मधला कागद भिजू दिला नाही. वाळल्यावर ती लावली.

तिसरी ओळ घोगरीच राहिली. मला फार वाईट वाटलं. पण गाणं संपल्यावर, जिथे दोन वर्षं नुसती खरखर होती, तिथे आई बोलली, "झालं का? आता हळूच उचला हो ती सुई."

बाबा उठले. खिळे जुळवून जाड झालेल्या त्या बोटांनी त्यांनी दांडी इतकी अलगद उचलली, की मला ती उचललेली कळलीसुद्धा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याची धूळ पुसा, सुई वेळेवर बदला. सुई उडाली तर वर वजन ठेवू नका, ती का उडते ते आधी बघा. आमच्या लेकीने अंगाई आता फोनमध्येही घेतली आहे. तरी बाबांना ती माझ्याकडूनच ऐकायची असते, पण रोज नाही, फक्त रविवारी. आधी ते फडकं घेऊन रेकॉर्ड पुसतात. आणि गाणं संपल्यावर, आई सांगते तसं करतात.